निमित्ताचा रकाना

वडील कुरिकोच्या नोंदणी कचेरीत कारकून.
मृत्यूच्या वहीत निमित्तासाठी रकाना होता
दोन बोटं रुंद.
त्यात त्यांनी बसवला
पीचच्या बीने गुदमरलेला पाद्रीबाबांचा भाचा,
स्वतःच्या वरातीच्या घोड्याची लाथ खाल्लेला नवरदेव,
आणि एक बाई, जिच्यावर चर्चची घंटा नव्हे,
घंटेचा नुसता दोर पडला.
'दोर' एवढंच लिहिलं. तरी जागा उरली.

जेवताना हे सगळं सांगायचे.
आई म्हणायची, घास तरी उतरू दे पोरांच्या घशाखाली.

मार्चमध्ये सुट्टी संपून शाळा उघडली
तेव्हा शेजारच्या बेलार्मिनोने
दोन महिने खिळ्याला टांगलेला सदरा अंगात घातला.
टाचणी राहिलीय वाटतं, म्हणाला,
आणि पळत सुटला, उशीर झाला होता.
संध्याकाळी खांदा जांभळा, मधोमध संगमरवरासारखा पांढरा.
दुसऱ्या रात्री लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची.
चौथ्या दिवशी क्लोरिंदाबाई कचेरीत आल्या,
हातमोजे न काढता उभ्या राहिल्या.
'कोळीण लिहू नका,' म्हणाल्या,
'लोक म्हणतील, घर झाडत नव्हती.'

त्या रात्री वडील जेवताना बोलले नाहीत.

कोपऱ्यातली कोळीण म्हणतात तिला आमच्याकडे.
वाळक्या तंबाखूचा रंग, पाठीवर एवढीशी सारंगी.
भूकंपाने मातीच्या भिंतीला दिलेल्या भेगा
तिला आयत्याच मिळाल्या.
ती अंगावर येत नाही. ती लपते.
आपणच तिला अंगात घालतो.

तेव्हापासून रोज रात्री
खाटा भिंतीपासून वीतभर ओढायच्या,
बूट उपडे करून आपटायचे,
संत लुकासची तसबीर उचलून मागे बघायचं.
दिवा मी धरायची. हात कापला की वडील ओरडायचे,
संताची सावली हलते म्हणून.

कपाटावर मात्र दुसरी एक होती,
ठिपक्यांची, काडीसारख्या पायांची.
वाघीण. ही पहिलीवर थुंकते,
थुंकीनेच जागच्या जागी खिळवते,
मग सावकाश जेवायला बसते.
तिच्यापाशी आईचा झाडू वळसा घ्यायचा.

क्लोरिंदाबाईंचं घर गल्लीत सगळ्यात लख्ख.
तिथे एक जाळं नव्हतं.
हिचंही नाही.
हे त्यांना कोणी सांगितलं नाही,
आईनेही नाही, आणि आई सगळं सांगायची.

वडील गेल्यावर कसल्याशा दाखल्यासाठी
मी त्या जुन्या वह्या मागवल्या.
नवा कारकून चांगला होता, खुर्ची दिली.
मार्च महिना. बेलार्मिनो, वय नऊ.
मला वाटलं, ताप लिहिला असेल.
खोटं त्यांना जमायचं नाही,
आणि खरं लिहू नका म्हणून एक आई समोर उभी होती.
रकान्यात त्यांच्या तिरप्या अक्षरात
एक शब्द:
सदरा.

आता मी नवव्या मजल्यावर राहते,
सान्तियागोत, काँक्रीटच्या भिंतींत.
खाट वीतभर पुढेच असते.
सकाळी बाही झटकते.
बहुतेक काही पडत नाही.
एकदा बसचं तिकीट पडलं,
आणि मी खुर्चीवर चढले.