रवोबरेकर

वेंगुर्ल्यात, मच्छीमार सोसायटीच्या वरच्या खोलीत
माझा एक स्कॅनर, एक संगणक
आणि मंजुळाबाईंनी तेलकट पिशवीतून आणलेलं
त्यांच्या वडिलांचं पुस्तक.
भिवा खोबरेकर, तांडेल. साल १९५३.
बंदरात शिरायच्या वाटा, खडक, वारे, किनाऱ्यावरच्या खुणा.
शंभर प्रती छापलेल्या, ही एक उरली,
तिच्याही कडा कसरीने खाल्लेल्या.

यंत्राने वाचलं.
रवाडी. रवडक. रवलाशी.
पुढे समुद्र रवोल आहे.
छापखान्याचे खिळे झिजलेले,
ख पोटातून तुटलेला,
यंत्राला त्यात दोन अक्षरं दिसली.
मुखपृष्ठावरही तेच: भिवा रवोबरेकर.
बाई पडद्याकडे बघत राहिल्या.
"ह्यो कोण? माझो बापूस न्हय ह्यो."

सोपं आहे, म्हटलं.
शोधा: रव. बदला: ख. सगळीकडे.
नऊशे बारा बदल झाले एका दमात.
खाली जाऊन चहा पिऊन आलो
तर रविवारचा खिवार झालेला,
गौरवाचा गौख,
आणि होडी पाण्यात लोटण्याआधी
ज्याला नारळ ठेवायचा तो रवळनाथ
खळनाथ होऊन पान चाळीसवर बसलेला.
कान पकडले. सगळं मागे फिरवलं.
मग अपवाद लिहीत बसलो:
पुढे ळ असेल तर हात लावू नकोस
(पण खडपात खळाळतं पाणीही होतंच, दोनदा).

ओळ संपली म्हणून तुटलेलं वल्हव-
आणि पुढच्या ओळीवर पडलेलं णे
पुन्हा सांधलं.
नाहीं, कांहीं, घरीं, समुद्रांत
ह्यांच्या डोक्यावरचे ठिपके पुसायचा नमुना तयार होता.
नमुन्यांच्या भाषेत ठिपका म्हणजे कुठलंही अक्षर,
त्याला चांदणी लावली की कितीही अक्षरं,
एकदा चुकून लावली तर अख्खा धडा गिळला होता त्याने.
बाईंनी काचेवर बोट ठेवलं.
"तो ठिपको काढू नको. तो नाकात बोलायचो."

राहिले ठिपके.

मग पानांचे आकडे. वाक्याच्या मधोमध,
एकटेच आपल्या ओळीवर उभे.
नमुना: ओळीची सुरुवात, आकडे, ओळीचा शेवट.
पुसून टाक.
दोनशे चौदा पानं, आणि संगणक म्हणाला
तीनशे सहा बदल.
मी मोजलं नाही. बाईंनी मोजलं.
पोस्टात एकतीस वर्षं मनीऑर्डरी मोजलेल्या.
"ब्याण्णव जास्त कसे?"

तांडेलाने असं लिहिलं होतं:
दगड उजवे हातास ठेवून शिसें सोडीत जावें.
आणि खाली, एकेका ओळीवर एकेक,
११
९
६
४
इतकंच. वाव हा शब्दही नाही.
ज्याला कळायचं त्याला कळेल,
ज्याला नाही त्याची होडी लागेल.
मी ती सगळी खोली पुसून
समुद्र सपाट केला होता.

रात्री उशिरा सुचलं:
पानाचा आकडा एकेकाने चढतो,
खोलीचा उतरतो, उड्या मारत.
चढणारे काढले. उतरणारे ठेवले.
ब्याण्णवातले एक्याण्णव परत आले.

एक सात राहिला.
पान सातवरचा, एकटा.
मूळ पानाचा तो कोपरा कसरीने नेलेला,
वरची ओळ अर्धी, खालची नाही.
पान म्हणावं तर पान, पाणी म्हणावं तर पाणी.
मी बाईंना फोन केला.
त्या मासे साफ करत होत्या बहुधा, नळाचा आवाज येत होता.
"ऱ्हवांदे थंय," म्हणाल्या,
"बुडाच्यापेक्षा एक सात जास्तीचो बरो."

ठेवला.
ई-बुकात तशी पानं नसतातच,
अक्षर मोठं केलं की सगळं पुढे सरकतं.
कुणी मोबाईलवर वाचेल
त्याला मध्येच हा ७ दिसेल,
आणि तो जरा जपून
पुढच्या ओळीवर जाईल.