उतार

प्रेसमध्ये नोकरीला लागलो तेव्हा जेलरोडचे घरमालक म्हणाले होते,
"नाशिकला पंखा लागत नाही, हवा फुकट आहे."
ती हवा कुठल्या वर्षी संपली
त्याची पावती नाही माझ्याकडे.

आता एप्रिल. पश्चिमेची भिंत
दिवसभराचं ऊन रात्री अकरापर्यंत
व्याजासकट परत करते.
प्रमिला फरशीवर ओला पंचा अंथरून निजते.
"एसी नको हो, बिल येईल,"
सहा उन्हाळे हेच म्हणत आली.
यंदा म्हणाली नाही.
म्हणून मी फोन फिरवले.

पहिला कॉलेज रोडचा, बूट न काढता
दारातूनच म्हणाला, "दीड टन."
पत्रिका न उघडता एखाद्याने "मंगळ" म्हणावं तसं.
त्याचं कोटेशन जाड, गुळगुळीत, वर बर्फाचा डोंगर.
एकतीस वर्षं मी नोटांचा कागद तपासला आहे.
अंगठा फिरवला. कागद खणखणीत,
शेवटची ओळ पोकळ:
इतर खर्च प्रत्यक्षानुसार.

दुसऱ्याचा भाव मोबाइलवर आला.
काचेवर अंगठा फिरवून काय कळणार?
आठ हजारांनी स्वस्त.
हैदराबादहून लेक म्हणाली, "बाबा, हाच घ्या, डोकं नका लावू."
मी त्याला लिहिलं, गॅस गळला तर कोण येईल?
त्याने हसरा चेहरा पाठवला.

तिसरा निवृत्ती गांगुर्डे, सातपूरचा,
स्कूटरला शिडी बांधून आला,
पावणेदोन तास उशिरा,
आणि त्याबद्दल अवाक्षर नाही. पाणी मागितलं.
मग भिंतीवर तळहात ठेवून उभा राहिला
पोराचा ताप बघावा तसा.
"वर काय?"
"गच्ची."
"हं."
खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकला,
मला वाटलं, गेला हा.

खाली कुलथेबाईंच्या कुरडया,
जुन्या साडीवर, रांगेत, अजून ओलसर.

"पाणी कुठे सोडायचं, काका?"

आधीच्या दोघांनी पाण्याचं नाव काढलं नव्हतं.
खरं सांगायचं तर मीही नाही.
आपल्या गारव्याचं पाणी होतं
आणि ते कुणाच्या तरी वाळवणावर ठिबकतं,
हे पासष्टाव्या वर्षी
खिडकीत लोंबकळणाऱ्या माणसाकडून कळलं.

विजेच्या जुन्या बिलाच्या पाठीवर
त्याने पेन्सिलीने रेघ ओढली, तिरकी.
मोरीपर्यंत चौदा फूट, फुटाला पाव इंच.
"मशिन कुठलंही घ्या," म्हणाला,
"उतार चुकला की पाणी घरात."
खाली हिशेब. बेरीज पाचशेने चुकलेली,
तीही त्याच्याच तोट्याची.
मी दाखवली.
कान खाजवत म्हणाला, "मग चहा तरी पाजा."

प्रमिलाला तो पहिलाच बरा वाटला होता,
निदान इस्त्रीचा शर्ट होता त्याचा.
लेकीने फोनवर सुस्कारा सोडला.
मी त्या बिलाच्या पाठीवर अंगठा फिरवत होतो,
मऊ, मळका, घडीवर फाटलेला कागद.
असल्या नोटा आम्ही बाद करायचो.
ही ठेवली.

मंगळवार सांगून गुरुवारी आला.
भोक पाडताना दोन टाइल्सना तडा गेला,
त्या त्याने कॅलेंडर अडकवून झाकल्या
आणि मला वाटलं मी पाहिलं नाही.

त्या रात्री दोनदा उठलो.
मोरीतल्या बादलीत थेंब वाजत होता,
टप्, मग बराच वेळ काही नाही, मग टप्.
खिडकीतून वाकून बॅटरी मारली.
कुरडया कोरड्या.
कुलथेबाईंचा कुत्रा भुंकला, मी आत आलो.

प्रमिला पलंगावर होती, फरशीवर नव्हे.
गुडघे पोटाशी घेऊन, चादर कानावर ओढून
झोपेतच म्हणाली,
"जरा कमी करा हो.
बिल येईल."