ट्राउटचा चमचा

पुण्याहून मी रॉड आणला होता, आणि डबीत,
कापसावर निजवलेला एक पितळी चमचा,
एका अंगाला लाल ठिपके, बुडाशी तीन तोंडांचा गळ.
डबीवर बर्फाचे डोंगर, निळंशार पाणी
आणि हवेत कमान झालेला ट्राउट.

जालिंदरकाकांनी तो तळहातावर जोखला.
"ह्यानं आमटी वाढायची का मासं धरायचं?"
त्यांची वेळूची काठी, मोरपिसाच्या देठाचा तरंगा,
खिशात हिंग घालून मळलेली कणीक.

श्रावण सरत आलेला, तरी येरळवाडीचं पाणी
गेजपट्टीच्या चौथ्या आकड्याशीच अडलेलं.
चौतीस वर्षं ती पट्टी वाचून
त्यांनी पाटबंधाऱ्याच्या वहीत लिहिली.
आता वही नाही. डोळे आधी तिकडेच जातात.
"दोन बोटं कमीच," म्हणाले, कुणालाच नाही.

सुलाबाई भोई ट्रकच्या ट्यूबवर बसून,
पंजांनी पाणी मागं सारत जाळं काढत होती.
चिलापी. चिलापी. एक कटला. चिलापी.
"तळं सोसायटीचं म्हणत्यात," ती ओरडली,
"चिलापीला कुनी सांगितलंच न्हाई!"

लव्हाळ्यापाशी पाणी उकळी आल्यासारखं हललं.
हजारभर पिल्लं, केशरी, भाताच्या दाण्याएवढी,
एकदम वर, एक घोट हवा, एकदम खाली.
मी चमचा फेकला.
"आरं थांब" ऐकू आलं तेव्हा
दोरी हवेत होती.

झटका पार खांद्यात शिरला.
काठावर ओढली ती हातभर मरळ,
काळी, सापाच्या डोक्याची, जबडा फाटलेली.
"नाव बाईचं," काका गुडघ्यावर बसत म्हणाले,
"पन राखणीला भौतेक बाप असतोय.
भुकेनं न्हाई चावला त्यो तुझ्या चमच्याला."

आधी हात भिजवले, मग स्कूटरच्या डिकीतली पक्कड.
एक काटा, दुसरा. तिसऱ्याला वेळ लागला.
पाण्यात सोडला तर तो गेलाच नाही,
कल्ले हलवत तिथंच, चिखलात.
आणि पलीकडे केशरी ढगाच्या कडेला
चिलाप्या येऊ लागल्या, एक, मग पाच-सहा,
खरकट्यावर कोंबड्या याव्यात तशा.

काका पँटसकट आत शिरले.
मांडीभर पाण्यात उभे राहून
वेळूच्या काठीनं पाणी झोडपू लागले,
"हाड! हाड!" जशी जोंधळ्यातली पाखरं.
पिल्लं त्यांच्या पायांभोवती गोळा झाली.
सुलाबाई ट्यूबवर हसून हसून आडवी,
मग हसायची थांबली.

किती वेळ, ते मला सांगता येणार नाही.
मरळ कधी उठून गेला तेही दिसलं नाही,
फक्त काका मागं मागं सरकत बाहेर आले,
जागा कुणाला तरी देत असल्यासारखे.

रात्री सुलाबाईचा कटला खाल्ला, काटे निवडत.
चमचा अजून डबीत आहे.
त्याच्या पितळेवर एक खवला चिकटलेला,
वाळून कागदासारखा झालाय.
नखानं निघेल. काढलेला नाही.