छत्तीस नंबरचं घर

गोळीबार चौकापासून तांडापेठेपर्यंत
अर्ध्या पाट्या माह्या हातच्या.
दोन तं दातांच्या दवाखान्याच्याच:
पांढरी दाढ, निळी किनार, खाली वेळ.
दाढ अशी हसरी काढायचो
की दुखणाऱ्याला वाटावं, आत लाडू वाटून रायले.

पण डेंटल कॉलेजनं जो कागद दिला
त्यातलं एक अक्षर लागलं नाही मला.
अक्षरांचा माणूस मी,
वळण पाहून सांगतो कोणत्या पेंटरचा हात आहे;
ह्या हाताला वळणच नव्हतं,
नुसती घाई होती.

मृणालीनं फोटो काढला, फोनला विचारलं.
फोन पुण्याच्या बाईसारखा शुद्ध बोलला:
छत्तीस क्रमांकाच्या दाढेत खोल कीड आहे.
म्हटलं, पोरी, माणसाला दात बत्तीस,
हा छत्तिसावा कोणाचा आला माह्या तोंडात?
अन् छत्तीस म्हणजे तीन-सहानं
एकमेकाकडे केलेली पाठ.
पाटीवर काढताना मी मधी थोडी जागा सोडतो,
भांडण नको.

फोन म्हणे, तोंडात चार गल्ल्या आहेत असं समजा,
दर गल्लीत आठ घरं,
मोजायचं समोरच्या मधल्या फटीपासून.
तिसरी गल्ली, सहावं घर.
मी जीभ पाठवली पत्ता शोधत:
खालून, डावीकडे, एक, दोन...
सहाव्या दारावर कळ निघाली.
चाळीस वर्षं लोकांच्या घरांचे नंबर लिहिले,
आपल्या तोंडातला वॉर्ड आज पाह्यला.

मग म्हणे, सव्वीस नंबर काढून टाकलेला आहे.
जीभ गेली. होता. जागेवरच होता,
एटीएमच्या चौकीदारासारखा.
खोटं बोलते हा, मी म्हटलं.
मृणालीनं तसंच लिहिलं त्याला.
माफ करा, हस्ताक्षर मला नीट लागलेलं नाही,
सोळा असू शकेल, डॉक्टरांकडून खात्री करून घ्या.
सोळाची जागा रिकामी,
मागच्या मारबतीच्या दुसऱ्या दिवसापासून.
इथं मात्र मला तो आवडला.
न लागलेल्या अक्षराला न लागलं म्हणणारा
आमच्या धंद्यात एकच होता,
अन् तो मेला.

प्रमिला तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.
मोठ्या आवाजात, तितकाच शुद्ध,
फोन पुढे वाचत गेला:
सवय, खर्रा. दिवसाला आठ. बावीस वर्षं.
तोंड चोवीस मिलिमीटर उघडतं.
गालाचं आतलं कातडं आवळत चाललं आहे.
डावीकडे पांढरा चट्टा,
तुकडा काढून तपासायला सांगितलं आहे.
चट्टा कशाचा, हे कागदावरून मला सांगता येणार नाही.

शेंगा थांबल्या.

घरी मी तीन सांगत होतो.
तीनच, तेही काम असलं तं.
इंग्रजीच्या आड किती सुखानं बसलो होतो मी!
कागद डब्यात, डबा फळीवर,
विचारलं की म्हणायचं,
डॉक्टरी भाषा आहे, आपल्याला काय कळते.

ती भांडली नाही.
जवळ आली, म्हणाली, उघडा.
तीन बोटं उभी धरली.
दोन गेली, तिसरं अडकलं.
बोटांना तुरीचा हिरवा वास होता.
लग्नात घास भरवला तेव्हा
तिन्ही गेली असती.

रात्री उरलेला निळा काढला,
एका पुठ्ठ्यावर सवाल लिहिले,
डॉक्टर मोहोडांना खुर्चीतून वाचता यावेत असे ठळक:
तुकडा कधी काढता?
छत्तीस वाचते का?
सोळा की सव्वीस?
अन् सर्वात वर, हाताच्या सवयीनं,
खर्रा: ३

प्रमिलानं ब्रश मागून घेतला.
तीनवर आडवी रेघ मारली,
बाजूला आठ काढला.
वळण कच्चं, खाली ओघळ आलेला.
मी हात लावला नाही.