भोकाचे पैसे

बाळगोंडा चौगुले बंधाऱ्यावर पाणी मोजायचे.
एकतीस पावसाळे, दर तासाला एक आकडा:
फूट, इंच, टॉर्च, वही.
रिटायर झाले आणि लक्ष्मीपुरीतल्या खोलीत
चीनमधली रेघांची जुनी विद्या शिकत बसले.
माझा भाऊ म्हणाला, त्यापेक्षा पोपटवाला बरा की,
पोपट निदान मिरची तरी खातो.

मी गेले ती घराचं विचारायला.
चिखलीचं घर, दोनदा बुडालेलं,
विकावं की ठेवावं.

त्यांनी डबीतून तीन पैसे काढले, मधे भोक असलेले,
वडिलांच्या कनवटीला राहून गेलेले.
"चिनी नाणी कुठली मिळायला इथं," म्हणाले,
"पण भोक तेच हाय."
टाकले मात्र नाहीत.
"आधी प्रश्न लिही."

मी लिहिलं: घर विकू का?
"हा एजंटाचा झाला. तुझा लिही."
मी लिहिलं: घर टिकेल का?
"हे नदीला विचार."
तिसऱ्यांदा पेन उघडून मी नुसतीच बसले.
खाली गुळाच्या ढेपांचा टेम्पो
कुणीतरी मागं घेत होतं, येऊ दे, येऊ दे, बास.
मग लिहिलं:
त्या घरात मी कशाची राखण करतेय?

तेव्हा कुठे पैसे माझ्या तळहातावर आले.

सहा वेळा टाकायचे. सहा रेघा.
खालून वर काढायच्या, पाणी चढतं तशा.
एक अख्खी, एक तुटकी, परत तुटकी.
तुटकी आली की माझा चेहरा उतरायचा.
"अगं, मोडलेली न्हाई ती.
बरगे काढलेत तिथले.
पावसाळ्यात बरगे तसेच ठेवले असते
तर बंधारा राहिला असता व्हय?"
आणि जी रेघ काठोकाठ भरते तीच पालटते,
हेही त्यांनी सांगितलं, पेन्सिलीनं बाजूला फुली मारून.

मग होणार काय, ते सांगा ना.

ते हसले. "एकतीस वर्षांत
उद्याचा एक इंच मला सांगता आला न्हाई.
आत्ता किती, आणि कुठल्या अंगाला सरकतंय,
एवढंच वहीत लिहिलं.
तेवढ्यावर गावं हलली, पोरी."

कधीतरी म्हणाले, तिकडचे लोक फार पूर्वी
कासवाची पाठ तापवायचे
आणि तडकलेल्या भेगा वाचायचे.
आपल्याकडं बी कासव हायच की, गाभाऱ्याआधी.
आपण त्याला हात लावतो आणि पुढं पळतो.
ते लोक कासवापाशीच थांबले.

मागच्या भाद्रपदात ते गेले.
वही मला मिळाली.
डाव्या बाजूला रोजची आकृती,
उजवीकडे रोजचा एक प्रश्न, बहुतेक खोडलेला,
वर दुसरा, तोही खोडलेला.
भविष्य एकही नाही.
एका पानावर फक्त:
गुडघा दुखतो हा प्रश्न नव्हे.

चिखलीला गेले परवा.
भिंतीवर पुराची तांबूस रेघ तशीच,
सरळ, अख्खी, खिडकीपर्यंत.
तिच्या खाली अण्णांनी खडूनं मांडलेला
दूधवाल्याचा हिशोब होता.
होता. दोन पुरांनी पुसलेला.
चुना मारू देत नव्हते मी कुणाला
ते त्या नसलेल्या आकड्यांसाठी.
पायरीवर बसून हे मला कळलं,
आणि कळल्यावर भूक लागली.

घर विकलेलं नाही. ठेवलंय असंही नाही.
गवंड्याला बोलावलंय रविवारी.

सोमवारी उत्तरेश्वराला जाते.
कासवाची पाठ हातांनी झिजून गुळगुळीत झालीय,
एक भेग नाही वाचायला.
तरी थांबते.
माझा आजचा प्रश्न नीट शब्दांत येईपर्यंत.
मागून कुणीतरी म्हणतं,
अवो, सरका की पुढं.

सरकते.