पितळेचा गोळा

रात्री अडीचला फोन. दोनशे सातमधली नर्स, जोसलिन.
"मिस्टर मुरुडकर, पाणी थांबत नाही."
मी पिशवी उचलतो.
रुवीतली ही इमारत, पाच मजले, चाळीस संडास,
त्यांतले निदान दहा-अकरा कुठल्याही रात्री
दबक्या आवाजात कुणाची तरी चहाडी करत असतात.

टाकीचं झाकण काढून आत ओततो
कपभर सुलेमानी, बिनसाखरेची.
दहा मिनिटं गप्प बसायचं.
भांड्यात तांबूस रेघ उतरली
की समजायचं, रबराने हात टेकले.
जोसलिन दारात, ड्युटीच्या चपला अजून पायात.
"चहा फुकट गेला."
"पाणी त्याहून महाग आहे, बाई.
समुद्र उकळून केलेलं."

वायसर मागच्याच रमजानात बदललेला.
दाबला तर बिस्किटासारखा तुटला.
मान्य, जूनमध्ये गच्चीवरची टाकी तापते,
थंडाच्या नळाला कढत पाणी येतं,
आणि लोक बंद गीझरमध्ये साठवलेलं
गार म्हणून अंगावर घेतात.
पण ऊन काय आत्ताच पडायला लागलं?

ऊन तेव्हाही होतं, जेव्हा गुलनबी उस्तादाने
मला पहिल्यांदा कॉक धरायला दिला होता.
पितळेचा. हाताला ओझं कळायचं.
आता दुकानात सगळं फुंकरीने उडेल असं,
डब्यावर मात्र सोनेरी अक्षरं: एक वर्षाची हमी.
आमच्याकडे तेरावा महिना दुष्काळात येतो,
इथे हमी संपल्यावर.

गुलनबीला एकदा सांगितलं होतं,
आमच्या बोलीत या हत्याराला पान्हा म्हणतात,
आणि लेकराला बघून आईला फुटतो त्यालाही.
तो हसला नाही.
पान्हा फडक्याने पुसला,
नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ.

तीनशे चारमध्ये कुरुविला टीचर राहायच्या.
एकतीस वर्षं. त्यांचा फ्लश मी एकदाही उघडला नव्हता.
नळावर, मोरीत, खिडकीच्या जाळीवर तक्रारी केल्या,
फ्लशबद्दल अवाक्षर नाही.
त्या कायमच्या कोट्टयमला गेल्या
आणि वरून हुकूम आला: फ्लॅट नवा करा, सगळं बदला.
मी म्हटलं, संडास चांगला आहे.
सुपरवायझर म्हणाला, रंग जुना आहे.

रंग फिकट हिरवा होता. कोवळ्या वालाच्या शेंगेसारखा.
शफीकुलने घण उचलला, मी म्हटलं थांब.
टाकी उघडली. आत पाणी निवांत,
आणि त्यावर तरंगत होता पितळेचा गोळा,
एका बाजूला पोचा आलेला, काळपट,
भरलं की वर, रिकामं झालं की खाली,
एवढंच एक काम शिकलेला.
मागच्या भिंतीवर पेन्सिलीने तारीख, आणि त्याखाली
उलटा लिहावा तसा एक लाम. गुलनबीला तेवढंच लिहिता यायचं.

मग शफीकुलने घण घातला.
दोन घावांत हिरव्याच्या ठिकऱ्या.
नवीन पांढरा बसवायला अर्धा दिवस गेला.
चौथ्या दिवशी तीनशे चारमधून फोन.

गोळा मी खोलीवर आणला.
आमचाही संडास गळतो, सहा माणसांचा,
रोज रात्री ठरवतो, उद्या करू.
म्हटलं, हाच लावून टाकू.
आटे जुळत नाहीत. जुना माप इंचात,
नवा कशात, देव जाणे.
उकिडवा बसलो होतो, उठताना
दोन्ही गुडघ्यांनी एकदम आवाज केला,
शफीकुल म्हणाला, "चाचा, तुमचाही वायसर गेला."
हसलो. काय करणार.

रात्री दिवा बंद केल्यावर
पलीकडून ती बारीक धार ऐकू येते.
कान आपोआप मोजायला लागतो,
मिनिटाला किती, तासाला किती, माझ्या किती वर्षांत किती.
मग उठून हात चाचपडतो उशाशी.
तो थंड असतो. या मुलखात
एवढं थंड दुसरं काही नाही.

परवा किराणावाल्याच्या काट्यावर ठेवून पाहिला.
एकशे ऐंशी ग्रॅम.
तीस किलोत बसेल.