पान चौऱ्याऐंशी

सव्वीस वर्षं ओठांवर बोट ठेवून
मी पगार घेतला.
आता वाचनकक्षात कुणी नाही. सोलापूरचा मे
पत्र्यावर तडतडतोय,
आणि मी पुस्तकं उताणी धरून
मोबाइलवर पानं टिपतोय.

लिंक दिली होती. पासवर्डही.
लावण्या येमूलचं उत्तर रात्री दोनला,
भाऊ शिफ्टवरून फोन घेऊन आल्यावर:
‘सर, फाइल जड आहे, उघडत नाही.’
मग दहा-दहा पानांचे तुकडे केले,
गुंता सोडवून लडी कराव्यात तसे.

आज तिचा फोन. मागे मागाची खटखट,
कुणीतरी तेलुगूत चहा मागतंय.
‘सर, चौऱ्याऐंशीव्या पानावर
शेवटच्या दोन ओळींवर तुमचा अंगठा आलाय.’

पाहिलं. माझाच.
नखात शिक्क्याची जांभळी शाई
अजून.

पुस्तक मांडणीत परत गेलं होतं, ३३१मध्ये,
कामगारांच्या रांगेत. काढलं.
‘ऐकू येत नाही, सर. मोठ्यानं.’
‘शांतता राखा’च्या पाटीखाली उभा राहून
दोन ओळी ओरडून वाचल्या.
दाराशी शिपाई सरवदे
झाडू धरून बघत राहिला.

‘पुन्हा एकदा, सर, लिहून घेते.’
पुन्हा.